आधी मायना, मग मजकूर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

गुरुजनहो, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'परदेशातील शिक्षणाचे अनुभव' असा विषय दिला आहे. त्यांनी दिला नसता तरी मी हाच घेतला असता. कारण हा मेळावा ठरल्यापासून आपल्यापैकी चौघांचे मला फोन आले. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या, कुणाची भाची. प्रश्न मात्र एकच. "इंजिनिअरिंग नको म्हणते, कम्प्युटर नको म्हणते. जाहिरात, मार्केटिंग असलं काहीतरी शिकायला बाहेर जायचं म्हणते. एवढे पैसे घालावेत का गं?" फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं उत्तर दिलं. आज पूर्ण देते. त्यात रुपये-पैसेही सांगते. एका बाकावर डबा खाल्लेल्या माणसांपासून काय लपवायचं?

आपण 2001 ला दहावी झालो. त्यानंतर मी कराडलाच बी.कॉम. केलं आणि दोन वर्षं पुण्यात एका छोट्या जाहिरात कंपनीत काम केलं. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला एमर्सन कॉलेजात एम.ए.ला दाखल झाले. विषयाचं नाव होतं 'इंटिग्रेटेड मार्केटिंग कम्युनिकेशन'. हे नाव आमच्या गल्लीत कुणालाच नीट सांगता आलं नाही. आई शेजारणींना "एम.बी.ए.सारखंच काहीतरी" असं सांगायची.

सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादी कंपनी तुमच्याशी फक्त जाहिरातीतून बोलत नाही. खोक्यावरचं चित्र, दुकानातली मांडणी, वर्तमानपत्रातली बातमी, तक्रार करायला फोन केलात तर पलीकडून बोलणारा माणूस, हे सगळे तिच्याच वतीने बोलत असतात. त्यांनी पाच तोंडांनी पाच गोष्टी बोलू नयेत, ऐकणाऱ्याला कळेल असं एकच काहीतरी बोलावं, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले डॉन शुल्ट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं 1993 मध्ये आलेलं पुस्तक या विषयातलं सुरुवातीचं महत्त्वाचं पुस्तक मानतात.

आता पैशांचं बोलते. माझं शैक्षणिक कर्ज पंधरा लाखांचं होतं. त्या काळी बँका चार लाखांपर्यंत तारण मागत नसत. साडेसात लाखांच्या पुढे मात्र घर-जमीन असं काहीतरी ठेवावंच लागे. आमचे आण्णा एस.टी.त लिपिक होते. आमच्याकडे ठेवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे राहतं घर. घराची कागदपत्रं पिशवीत घालून आण्णा बँकेत गेले आणि येताना बर्फी घेऊन आले. मला त्या बर्फीची चव लागली नाही. कुठलीही मुलगी बाहेर शिकायला निघाली की लोक तिची बॅग किती किलोची ते विचारतात. खरं वजन त्या पिशवीत असतं.

मी पोचले आणि दोनच आठवड्यांत, 15 सप्टेंबर 2008 ला, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. ती बातमी वाचताना तिचा माझ्याशी काय संबंध, हे मला कळलं नव्हतं. जानेवारीत दुसऱ्या सत्राची फी भरताना कळलं. मी निघाले तेव्हा डॉलर 43-44 रुपयांच्या आसपास होता. जानेवारीत तो 48-49 च्या घरात गेला आणि मार्चपर्यंत पन्नाशी ओलांडून पुढे. म्हणजे दर दहा हजार डॉलरमागे पन्नास हजार रुपये जास्त, आणि कर्ज तर मोजून मंजूर झालेलं. मला नंतर समजलं की आण्णा रोज कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने डॉलरचा भाव लिहीत होते. फोनवर एकदाही बोलले नाहीत. "जेवलीस का," एवढंच विचारायचे.

बॉस्टनमध्ये घरांचे भाडेकरार बहुतेक 1 सप्टेंबरला बदलतात. त्या दिवशी ऑलस्टन या विद्यार्थ्यांच्या वस्तीत पलंग, टेबलं, दिवे फुटपाथवर ठेवलेले असतात. ज्याला हवं त्याने उचलावं. माझं टेबल आणि खुर्ची तिथली. खोलीत आम्ही तिघी होतो: एक तैवानची, एक तुर्कस्तानची आणि मी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं, तेही कॉलेजच्या आवारात. मॅसॅच्युसेट्सचं किमान वेतन तेव्हा तासाला आठ डॉलर होतं. मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे. त्यातून किराणा आणि ट्रामचा पास निघायचा. फी निघत नाही. 'तिकडे काम करून फी भरेल' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता वर्गात येते. आपण मराठी माध्यमातली मुलं. त्यामुळे इंग्रजीची भीती असेल, असं सगळ्यांना वाटतं. व्याकरण आपलं चांगलं असतं, ते इथल्या सरांनी घोटून घेतलंय. अडचण दुसरीच होती. प्राध्यापक एखाद्या जुन्या जाहिरातीचं नुसतं नाव घेत आणि सगळा वर्ग हसे. आपल्याकडे 'निरमा' म्हटलं की गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी दिसते ना, तसं त्यांना काहीतरी दिसायचं. मला काहीच दिसायचं नाही. लहानपणीचे कार्टून, नाश्त्याच्या खोक्यांवरचे प्राणी, फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या जाहिराती या सगळ्यांवर तो वर्ग उभा होता. शब्द कळत होते, पण त्यांच्या मागचं बालपण माझं नव्हतं.

दुसरं, तिथे वर्गात बोलण्याला गुण असतात. आपल्याकडे मोठ्यांपुढे गप्प बसणं ही रीत. तिथे गप्प बसलात, तर तुम्हाला मत नाही असा अर्थ होतो. आम्ही तिघीही खोलीवर भरपूर बोलायचो आणि वर्गात गप्प. मग आम्ही एक ठरवलं. प्रत्येकीने आदल्या रात्री एक प्रश्न लिहून न्यायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा. एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं होतं. ज्यांची मुलं जाणार आहेत, त्यांनी हा उपाय लिहून घ्या. मोफत आहे आणि लागू पडतो.

या प्रश्नांतूनच मला माझी जागा सापडली. एका तासाला लहान पाकिटांत विकल्या जाणाऱ्या मालाची चर्चा होती. पुस्तकी समज अशी की गरीब माणूस लहान पाकीट घेतो आणि थेंबामागे जास्त पैसे मोजतो. मी सांगितलं, आमच्याकडे किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगलेली असते आणि कित्येकदा पुडी ही बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडते. बाई पुडी घेते ती हिशेब कळत नाही म्हणून नव्हे, तर चांगला कळतो म्हणून. मग मी ऊसबिलाची गोष्ट सांगितली. आमच्या भागात मोटारसायकल कधी विकली जाते हे ठरवायला दिवाळी आणि दसरा पाहून भागत नाही, कारखान्याचं बिल कधी जमा होतं तेही पाहावं लागतं. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुराच्या हातात पैसा नसतो. बाजाराच्या दिवशी असतो. त्यांच्या कॅलेंडरात थँक्सगिव्हिंग आणि नाताळ होते, माझ्या कॅलेंडरात गळीत हंगाम. तास संपल्यावर दोन अमेरिकन मुलं मला थांबवून ऊस कसा तोडतात ते विचारत होती.

तेव्हा मला आठवीतल्या आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. पत्रलेखनात मायना चुकला की बाई पुढचं वाचायच्याच नाहीत. वडिलांना तीर्थरूप, आजोबांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, मुख्याध्यापकांना महोदय. आपण कुरकुरायचो. बाई म्हणायच्या, "कुणाला लिहितोयस हे ठरल्याशिवाय काय लिहिणार आहेस?" एमर्सनमध्ये प्रत्येक मोहिमेआधी एक पानी टिपण करावं लागे. आपण कुणाशी बोलतोय, आज तिच्या मनात काय आहे, आपलं ऐकून तिला काय वाटायला हवं, आणि तिने आपल्यावर का विश्वास ठेवावा. चार प्रश्न. ते पान पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, हा तर मायना! या विषयात मी जे काही शिकले त्याचं सार तेवढंच आहे. आधी मायना, मग मजकूर.

दोन उदाहरणं सांगते. दोन्ही आम्ही शिकत असताना डोळ्यांदेखत घडली.

जानेवारी 2009 मध्ये ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या कंपनीने आपलं खोकं बदललं. नळी खुपसलेलं संत्रं काढून त्या जागी रसाचा पेला आणला. नवं खोकं दिसायला सुबक होतं. पण लोकांना दुकानात आपला रस सापडेना. काहींना ते स्वस्तातल्या दुसऱ्या मालासारखं वाटलं. पत्रं गेली, फोन गेले. दोन महिन्यांच्या आत विक्री 20 टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीने जुनं खोकं परत आणायचं जाहीर केलं. कंपनीला वाटत होतं खोकं आपलं आहे. ते रोज सकाळी फ्रीज उघडणाऱ्या माणसाचं होतं.

दुसरं उदाहरण ह्युंदाईचं. त्याच जानेवारीत नोकऱ्या जात होत्या आणि गाड्या कुणी घेत नव्हतं. बाकीच्या कंपन्या सवलती देत होत्या. ह्युंदाईने सांगितलं, आमची गाडी घ्या आणि वर्षभरात तुमची नोकरी गेली तर गाडी परत करा. त्या महिन्यात अमेरिकेतली एकूण गाडीविक्री आदल्या वर्षीपेक्षा 37 टक्क्यांनी कमी झाली आणि ह्युंदाईची 14 टक्क्यांनी वाढली. सगळं श्रेय एका योजनेला देता येणार नाही. पण माणसं महागाईने थांबलेली नाहीत, भीतीने थांबली आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. वर्गात चर्चा झाली तेव्हा बहुतेकांना ती युक्ती वाटली. मला ती युक्ती वाटली नाही. ज्याच्या घराची कागदपत्रं बँकेत आहेत, त्याला 'नोकरी गेली तर काय' हा प्रश्न कुणी समजावून द्यावा लागत नाही.

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण माझ्याच धंद्याची जाहिरात होईल. एडवर्ड बर्नेज नावाचे गृहस्थ जनसंपर्क व्यवसायाच्या जनकांपैकी एक मानले जातात. फ्रॉइड यांचे ते भाचे. 1929 मध्ये न्यूयॉर्कला ईस्टरच्या संचलनात त्यांनी तरुण मुलींना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली असं नाव दिलं. बायकांना स्वातंत्र्य हवं होतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि हातात दिली सिगारेट. आयुष्याची अखेरची वर्षं ते आमच्या कॉलेजच्या नदीपलीकडे केंब्रिजमध्ये राहत. 1995 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी ते गेले. मायना अचूक असला म्हणून पत्र चांगलंच असतं असं नाही, हे मी तिथे शिकले. फसवणूक करणाऱ्याचा मायना तर जास्तच गोड असतो.

डिसेंबर 2009 मध्ये माझं शिक्षण संपलं. अमेरिकेत बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास होती. शिक्षणानंतर आम्हाला काम करायला बारा महिने मिळत, आणि त्या बारा महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण नव्वदपेक्षा जास्त झाले तर देश सोडावा लागे. 2008 पासून विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मुदतवाढ मिळू लागली होती, आमच्या विषयाला नव्हती. मी भिंतीवर नव्वद चौकोन आखले होते आणि रोज एक खोडत होते. घरी आण्णा कालनिर्णयवर, इथे मी भिंतीवर. एकाहत्तराव्या दिवशी काम मिळालं. एक लहानशी कंपनी होती. ती दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी सूचनापत्रकं तयार करायची.

काम साधं वाटतं, पण मी त्यात खूप शिकले. ऑपरेशन झालेला माणूस पत्रक वाचतो तेव्हा त्याला दुखत असतं, घाबरलेला असतो, चष्मा सापडत नसतो. डॉक्टरांना बारा मुद्दे सांगायचे असतात. त्याला तीनच हवे असतात: काय खाऊ, कधी चालू आणि काय झालं तर फोन करू. आम्ही पत्रक आधी रुग्णांना वाचायला द्यायचो आणि मग विचारायचो, आता घरी जाऊन काय कराल ते सांगा. जिथे ते अडखळत, तिथे दुरुस्ती पत्रकात व्हायची. 'रुग्णाला कळलं नाही' असं म्हणायची आमच्या कार्यालयात बंदीच होती.

वर्ष संपलं. पुढच्या व्हिसाची कागदपत्रं करणं त्या कंपनीला झेपणारं नव्हतं. त्यांनी ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. 2011 च्या सुरुवातीला मी परत आले. 'परत का आलीस' हा प्रश्न त्यानंतर मला दोन वर्षं लग्नाकार्यात ऐकावा लागला. त्यात दया असायची. पगार रुपयात आणि कर्ज मोठं, त्यामुळे सुरुवातीची वर्षं पगारातला मोठा हिस्सा हप्त्यात जायचा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, तिचा थोडा आधार झाला. 2018 मध्ये शेवटचा हप्ता भरला. आण्णा बँकेतून घराची कागदपत्रं घेऊन आले, त्याच पिशवीतून. यावेळी बर्फी मी आणली आणि दोन तुकडे जास्त खाल्ले.

आज पुण्यात माझी सात माणसांची छोटी फर्म आहे. दूध संघ, पतसंस्था, दवाखाने यांच्यासाठी आम्ही काम करतो. पतसंस्थेच्या कर्जाच्या अटी, विम्याचा दावा कसा करायचा, गाभण गाईचं लसीकरण असले विषय असतात. फार झगमगाट नाही. माझा एक नियम आहे. जो मजकूर मला कराडच्या आमच्या गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचता येणार नाही, तो लिहायचा नाही. पगार व्हायच्या आधी पैसे देणाऱ्या एका कर्जाच्या ॲपचं काम या नियमामुळे सोडलं. पैसे चांगले होते. पण ती जाहिरात कुणाला उद्देशून होती ते मला माहीत होतं. महिन्याच्या पंचवीस तारखेला गॅस संपलेल्या बाईला. तिला व्याजाचा आकडा बारीक अक्षरात सांगायचा होता. त्या अक्षरांसाठी मी कर्ज काढून शिकले नव्हते.

तर चौघांच्या प्रश्नाचं उत्तर. पाठवावं का? पाठवा, पण चार गोष्टी पाहून.

पहिली, हिशेब इथल्या पगारावर मांडा. मुलगी शिकून परत आली आणि पुण्या-मुंबईतला पहिला पगार मिळाला, तर हप्ता निघेल का? निघत असेल तर जा. 'तिकडेच नोकरी लागेल' या गृहीतावर घर तारण ठेवू नका. डॉलर दहा टक्क्यांनी वाढला तर काय, हेही त्याच कागदावर लिहा.

दुसरी, अभ्यासक्रमाचं नाव पाहू नका, वर्गवारी पाहा. आता मार्केटिंगमधले आकडेवारीवर भर देणारे काही अभ्यासक्रम अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत धरले जातात आणि त्यांना बारा महिन्यांवर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. बाकीच्यांना बाराच. नियम बदलत असतात. अर्ज कराल त्या दिवशीचे पाहा, माझ्या भाषणावर जाऊ नका.

तिसरी, आधी दोन वर्षं इथे काम करू द्या. दुकानात उभं राहून गिऱ्हाईक पाहिलेलं नसेल, तर तिथल्या वर्गात सांगायला काहीच नसतं. मी ऊसबिलाबद्दल बोलू शकले ते पुस्तकं वाचून नव्हे.

चौथी, मुलांना इंग्रजी उच्चारांच्या शिकवणीला घालण्याआधी मराठीत एक पानभर पत्र लिहायला सांगा. दूधवाल्याला, आत्याला, नगरपालिकेला. तिन्ही पत्रं वेगळी आली तर पोरगी या धंद्यात टिकेल. तिन्ही सारखी आली तर फी वाचवा.

एमर्सन कॉलेज 1880 मध्ये सुरू झालं ते वक्तृत्वाची शाळा म्हणून. तिथल्या नव्या मुलांना हे सांगितलं की ती आश्चर्य करतात. मला नवल वाटलं नाही. आपल्याही शाळेत दर जानेवारीत वक्तृत्व स्पर्धा व्हायची आणि परीक्षक सर शेवटी एकच वाक्य बोलायचे: "मुलांनो, माझ्याकडे बघून बोलू नका, शेवटच्या रांगेकडे बघून बोला." तेव्हा शेवटच्या रांगेत कोण बसायचं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आज तीच मंडळी जेवणाची व्यवस्था बघत आहेत आणि हात करून मला वेळ संपल्याचं सांगत आहेत. म्हणून थांबते.

बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मायना 'गुरुजनहो'पासून सुरू केला आहे. गुण तेवढे द्या.